सगळं चालतं, असं मी म्हटलं

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरच्यांना उपयोगी पडेल असं काही लिहा, असं डॉ. काळमेघांनी मला सांगितलं तेव्हा मी हो म्हटलं आणि मग कित्येक महिने टाळत राहिले. मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. या आजारावरची पुस्तकं मी वाचली आहेत, पण त्यांतलं इथे सांगणार नाही. ते डॉक्टर सांगतील. मला सांगायचं आहे ते घरच्या माणसाबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निम्मी नोकरी धारणीकडे झाली, शेवटची काही वर्षं अकोटजवळ. आई गेल्यानंतर आम्ही दोघंच राहत होतो. धाकटा भाऊ मिलिंद पुण्याला असतो.

निदान झालं त्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांनी बाबांना विचारलं, आज वार कोणता. बाबा हसले. म्हणाले, "रिटायर माणसाले वार कायचा, साहेब?" डॉक्टर हसले, नर्स हसली, मीही हसले. बाबा उत्तर चुकवत आहेत हे मला कळलं होतं. ते इतकं गोड चुकवत, की वर्षभर नातेवाइकांपैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. घरी परत येताना ऑटोत त्यांनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. मी खरं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "काही नाही बाबा, बीपी." ते निश्चिंत झाले. खोटं बोलल्यानं माणूस निश्चिंत होतो, हे मी त्या दिवशी शिकले. ते शिकले नसते तर बरं झालं असतं.

पुढची दोन वर्षं सगळ्यांच्या घरी होतं तेच आमच्याकडे झालं. गॅस चालू राहणं, नळ चालू राहणं, आईला हाका मारणं. मिलिंद फोनवर म्हणायचा, ताई, माणूस ठेव. मी माणसं ठेवली, ती टिकली नाहीत. मग मी कॉलेजला जाताना बाहेरून कुलूप लावू लागले. एकदा दुपारी शेजारीण फोन करून म्हणाली, तुमचे बाबा खिडकीत उभे आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करून विचारताहेत, जरा दार उघडता का. त्या आठवड्यात मी ठरवलं.

अकोल्यात तेव्हा अशा आजाऱ्याला घेणारी जागा मला सापडली नाही. अमरावतीला सापडली. गावाच्या टोकाला एक जुना बंगला, समोर ऐसपैस ओटा, पंधराएक म्हातारी माणसं. मंदाताई ते केंद्र चालवतात. बाई मोठ्या मनाच्या आहेत. आधीच सांगते, कारण पुढे वाचताना कोणाला वाटेल की मी त्यांना दोष देते आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी चहा दिला आणि सहज विचारलं, बाबांना कांदा-लसूण चालतं का, उपास असतात का, देवाधर्माचं काही आहे का. मी म्हटलं, "सगळं चालतं."

बाबा माझ्या शेजारी बसले होते, मांडीवर पिशवी धरून.

आम्ही बौद्ध आहोत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा बाबा लहान होते, पण त्यांना ते आयुष्यभर पुरलं. देवाविषयी त्यांच्या मनात राग नव्हता. ते मूर्तीपुढे हात जोडत नसत, एवढंच. शाळेत सरस्वतीच्या तसबिरीची पूजा असली की ते पोरांना रांगेनं आत पाठवत आणि स्वतः व्हरांड्यात उभे राहत. नारळ फुटला, सगळं आटोपलं, की आत येऊन म्हणत, "झालं का? काढा मंग पुस्तकं." एका मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं होतं. बाबा म्हणाले, "तुमी तुमचं करा सर, मी बाहेर उभा हाव." त्यावर वाद झाला नाही. पुढे त्याच सरांशी त्यांची गाढ मैत्री झाली.

मग मी का बोलले नाही? आमचं आडनाव वानखडे. वऱ्हाडात या आडनावाची सगळ्या समाजांची माणसं भेटतात, त्यामुळे आडनावावरून आम्ही ओळखू येत नाही. मी अमरावतीला शिकत असताना एका घरमालकिणीला मी फार आवडले होते. गाव विचारून झालं, मग गावातली वस्ती विचारून झाली, आणि संध्याकाळपर्यंत ती खोली त्यांच्या भाच्याला लागणार असल्याचं कळलं. तेव्हापासून मी 'चालतं' म्हणायला शिकले. हळदीकुंकवाला बोलावलं, चालतं. कॉलेजात पूजेचं ताट हातात दिलं, चालतं. इतकी सवय झाली होती की तो शब्द माझा मलाच ऐकू येत नसे. त्या दिवशी मी तो बाबांच्या वतीनं वापरला.

केंद्रात रोज संध्याकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून आरती होत असे. त्या वेळी कामाच्या सगळ्या बाया एका जागी असल्यामुळे कोणी निसटू नये म्हणून ओट्याकडच्या दाराला कडी लावत. मी ती आरती पाहिली आहे. स्वतःच्या मुलाचं नाव विसरलेली एक आजी एकही कडवं न चुकता म्हणायची. तो तिथल्या माणसांच्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ होता. आणि त्याच वेळी बाबा उठायचे, दाराकडे जायचे, कोणी हाताला धरून परत आणलं की ढकलायचे. एकदा ताट उडालं. एकदा कुंकू लावायला आलेल्या बाईचा हात त्यांनी पिरगळला. बोलत काहीच नसत. विचारलं तर मान खाली घालत.

महिन्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी लिहून दिली. दुपारी दिली की संध्याकाळ शांत जायची. मी रविवारच्या बसनं जायचे तेव्हा बाबा खुर्चीत असायचे, हनुवटी छातीला टेकलेली, शर्टावर वरण. मी शर्ट बदलायचे, केस विंचरायचे. लिहायला जड जातं, पण ते शांत होते याचं मला बरं वाटायचं.

काळमेघ डॉक्टर त्या केंद्राचे कोणी नव्हते. जवळच त्यांचा दवाखाना आहे, सर्दी-खोकल्यापासून बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीपर्यंत सगळं पाहणारा, आपण ज्यांना घरचे डॉक्टर म्हणतो तसे ते. त्यांचे जुने पेशंट, एक कापडाचे व्यापारी, केंद्रात दाखल झाले. डॉक्टर त्यांना भेटायला आले आणि भर सकाळी त्यांना जागं करू शकले नाहीत. तेव्हापासून ते दर आठवड्याला येऊ लागले. मंदाताईंना आधी ते आवडलं नव्हतं. "दवाखाना सोडून इथं काहून येऊन राहिले हे?" असं त्या मलाच म्हणाल्या होत्या.

त्यांचं काम दिसायला फार साधं होतं. ते प्रत्येकाच्या कानात बघत, तोंडात बघत, पोटावर हात ठेवत. अंघोळीला नेलं की किंचाळणाऱ्या एका आजींची दाढ सडलेली निघाली. हाणामारी करणाऱ्या एका आजोबांच्या दोन्ही कानांत मळ होता, मागून कोणी हात लावला की ते दचकत. एका ड्रॉवरमध्ये सगळ्यांचे चष्मे एकत्र पडले होते. कोणाचा कोणता हे शोधण्यात डॉक्टरांनी एक अख्खी दुपार घालवली. मानसोपचारतज्ज्ञांशी ते फोनवर आदरानं बोलत आणि गोळ्या थोड्या थोड्या कमी करून घेत. सगळं जमत नसे. एका आजोबांची गोळी कमी केल्यावर त्यांना इतका त्रास झाला की ती पुन्हा सुरू करावी लागली, आणि डॉक्टर त्यांच्या मुलाला सगळ्यांसमोर म्हणाले, "माया अंदाज चुकला."

तिथल्या बायांना ते एकच विचारत. राग आला, ठीक, पण त्याच्या आधी काय झालं? बाया त्यांची थट्टा करत. डॉक्टरांची स्कूटर वाजली की एकमेकींना म्हणत, "आले, आता आधीचं सांगा." पण सांगू लागल्या होत्या.

बाबांच्या बाबतीतही त्यांनी ते विचारलं. गोळी अर्ध्यावर आणली, बाबा डोळे उघडून बसू लागले, आणि संध्याकाळचं पुन्हा सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की कारण सापडलं नाही आणि मारामारी चालूच राहिली, तर पूर्ण गोळी परत द्यावी लागेल. डॉक्टरांनी मला मंदाताईंसमोर, चहा घेता घेता विचारलं, "मॅडम, घरी असताना संध्याकाळी बाबायचं काय चालायचं?"

मी म्हटलं, "फिरायला जायचे."

हे खोटं नव्हतं. डॉक्टर खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून आरतीआधी बाबांना अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. फरक पडला नाही. मग त्यांना वाटलं, घंटेचा आवाज कानात घुसत असेल. घंटेला फडकं गुंडाळलं. मग धुराची शंका आली, कापूर बंद करून विजेचा दिवा लावला. मग खुर्ची खिडकीजवळ घेतली, मग संध्याकाळचं खाणं लवकर दिलं. दर रविवारी मी नवा प्रयोग ऐकत होते आणि मान हलवत होते. एका रविवारी मंदाताई म्हणाल्या, "आता तं आमी आरतीच हळू आवाजात म्हणून राहिलो, तुमच्या बाबासाठी."

त्या संध्याकाळी मी थांबून ती ऐकली. सगळ्या म्हाताऱ्या माणसांनी मंदाताईंच्या बोटाकडे बघत दबक्या आवाजात आरती म्हटली. ती न चुकणारी आजी गोंधळली आणि मध्येच थांबली.

तरीही मी बोलले नाही. आता भीती वेगळी होती. आधी वाटायचं, कळलं तर बाबांचं ताट वेगळं ठेवतील. आता वाटत होतं, इतके दिवस काहून लपवलं असं विचारतील. कोणत्या दिवशी एक भीती संपून दुसरी सुरू झाली, ते माझं मलाच कळलं नाही.

मग बाबा पडले. आरतीच्या वेळी दाराची कडी ओढत होते, पायांत बळ नव्हतं, उंबऱ्याजवळ कोसळले. मनगट मोडलं. मी पोचले तेव्हा प्लॅस्टर झालं होतं आणि ते झोपले होते. काळमेघ डॉक्टर ओट्यावर एकटे बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"गोळी माया म्हणण्यावरून कमी झाली," ते म्हणाले. "कारण सापडन असं वाटत होतं मले. नाही सापडलं. पूर्ण गोळी सुरू करा म्हणून आताच फोनवर सांगितलं त्या मानसोपचारवाल्या डॉक्टरले. चूक माई हाय, मॅडम. तुमी मले बोलू शकता."

मी त्यांना बोलावं म्हणून ते वाट बघत होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि सांगितलं. शाळेचा व्हरांडा, नारळ, 'मी बाहेर उभा हाव', सगळं. बाबांना मारामारी करायची नव्हती. आयुष्यभर केलं तेच करायचं होतं, आटोपेपर्यंत बाहेर उभं राहायचं होतं. आणि आम्ही कडी लावत होतो.

डॉक्टरांनी वळून आत हॉलकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी घंटीले फडकं गुंडायलं, मॅडम."

"हो."

"बरं दिसते का ते माया वयाले?" त्यांना हसू आलं आणि लगेच गेलं. "माहीत होतं तुमाले. पहिल्या दिवसापासून."

"हो," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि गोळीबद्दल पुन्हा बोलायला अंगणात गेले.

मंदाताईंना मी स्वतः सांगितलं. त्या दुखावल्या. "मले काहून नाही सांगितलं, ताई? मी नाही म्हटलं असतं का?" मग हातातल्या रुमालाची घडी करत हळू म्हणाल्या, "नसतं म्हटलं. मले तरी तसंच वाटते." इतकं प्रामाणिक उत्तर मला त्याआधी कोणी दिलं नव्हतं.

उपाय म्हणावा असंही काही नव्हतं, इतकं ते सोपं होतं. आरतीआधी एक बाई बाबांना ओट्यावर घेऊन बसू लागली. आत आरती पुन्हा मोकळ्या आवाजात सुरू झाली. काही दिवसांत बाबांसोबत ते कापडाचे व्यापारीही येऊन बसू लागले. त्यांना आरतीचा कंटाळा होता, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. हळूहळू गोळी पूर्ण बंद झाली. बाबा डाव्या हातानं स्वतः जेवू लागले, पेपरातला एकच मथळा दहादा मोठ्यानं वाचू लागले. मिलिंद पुण्याहून येऊन राहिला. त्याला बाबांनी ओळखलं नाही, पण त्याच्या पोटाकडे बघून म्हणाले, "गुरुजी, पीटी घेत जा पोरायची." मिलिंद हसता हसता रडला. असे काही महिने आम्हाला मिळाले. त्यांच्याआधी आणखी काही मिळाले असते, ते मी घालवले. हा हिशेब मला कोणी मागितलेला नाही.

हिवाळ्यात ताप आला, तो छातीत उतरला. दवाखान्यात थोडेच दिवस होते.

काळमेघ डॉक्टर आता घरच्यांना सगळ्यांसमोर काही विचारत नाहीत. बाजूला नेतात, आणि त्यांचा प्रश्नही बदलला आहे. तब्येत चांगली असताना या माणसाला कशाचा राग यायचा, आणि राग आला की ते काय करायचे, असं विचारतात. अकोल्यातही आता एक केंद्र निघालं आहे, तिथे ते महिन्यातून एकदा येतात. मी त्या दिवशी जाते. काही करत नाही, घरच्यांजवळ बसते. कोणी आईला कोंबडी आवडते हे सांगायला लाजतं, कोणी बाबा दारू प्यायचे हे. एका मुलीला आई रात्री शिव्या द्यायची याची लाज होती. मी त्यांना एवढंच म्हणते, सांगून टाका. तुम्ही जे झाकता त्याची किंमत तुमचा माणूस देतो, आणि त्याला तक्रार करता येत नाही.

एक गोष्ट मी इथपर्यंत लिहायची टाळली.

दार उघडल्यानंतरचा एक रविवार. आत आरती चालली होती. ओट्यावर बाबांसोबत त्या दिवशी मी बसले होते. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. बऱ्याच वेळानं अदबीनं विचारलं, "तुमचं कोण हाय इथी?"

मी म्हटलं, "माझे बाबा."

"हं." मग मागे वळून आत कोणी ऐकत नाही ना हे पाहिलं आणि माझ्याकडे झुकले. "माई पोरगी हाय एक. लय शिकेल हाय. आपण कोणते ते तिनं इथी सांगतलं नाही. मी ऐकत होतो ना. तिची काही अडचण असन. म्हून मी बी नाही बोललो. बाहेर जाऊ द्या म्हणलं असतं, तं काहून म्हणून इचारलं असतं यायनं. मंग काय सांगता?"

माझा चेहरा त्यांना आठवत नव्हता. मी लपवलेलं त्यांनी मात्र सांभाळलं होतं, गोळ्या खाऊन, प्लॅस्टर घालून.

"आता सांगितलं तिनं," मी म्हटलं.

"तिनं?"

"हो. सगळ्यांना सांगितलं."

ते अंगणाकडे बघत राहिले. मग काळजीनं म्हणाले, "कोणी काही बोललं तं नाही ना तिले?"

"नाही बाबा. कोणी काही बोललं नाही."

"मंग बरं झालं," ते म्हणाले, आणि प्लॅस्टरचा हात मांडीवर नीट ठेवून आतलं आटोपायची वाट बघू लागले.